कोरोच्या ‘मॉर्तफोंतेनची आठवण’ची प्रत: झाड पोपटी होतंय, धुकं चिखल होतंय

रंगपेटी, सोलापूर
फ्रेंच चित्रकार कोरोचं १८६४ सालचं हे चित्र (मूळ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, ६५ × ८९ सेंमी) तैलरंगात उतरवायला घेतलंय, १८ × २४ इंची कॅनव्हासवर. उजवीकडचं मोठं झाड पोपटी आणि कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं. तळ्यावरचा रुपेरीपणा आणायला गेलं की राखाडी चिखल. त्यात इथला मे महिना, रंग पातळ करायचं टर्पेंटाइन पॅलेटवरच उडतं. रंग: व्हिरिडियन (निळसर हिरवा), लेमन यलो, अल्ट्रामरीन (निळा), रॉ अंबर (मातकट तपकिरी), टायटॅनियम व्हाइट.

जुना कुंचला
आधी माप बघा. मूळ प्रमाणात २४ इंच रुंदीला उंची साडेसतरा इंच येते. अर्धा इंच टेपनं झाकून टाका, नाहीतर झाड उभं ताणलं जाईल.

लेमन यलो आणि व्हिरिडियन एकत्र आले की पोपटीच होणार. हिरवा काढा यलो ऑकर (मातकट पिवळा) ३ भाग आणि आयव्हरी ब्लॅक (काळा) १ भाग यातून. बाभळीचा धुळकट हिरवा हवाय, कडुलिंबाच्या कोवळ्या पालवीचा नव्हे.

पहिल्या दिवशी पातळ रॉ अंबरमध्ये फक्त चार छटा लावा: आभाळ, पाणी, पलीकडचा काठ, झाड. आभाळ आणि पाणी जवळजवळ एकाच उजेडाचे आहेत. तुमच्याजवळच्या हिप्परगा तलावावर हिवाळ्यात उजाडताना डोळे किलकिले करून बघा, म्हणजे कळेल. हे चुकलं तर पुढं रंग कितीही चांगला लावा, उपयोग नाही.

पानं मोजून रंगवू नका. झाडाचा एकच ढीग लावायचा आणि आभाळ ओलं असतानाच त्याची कड कोरड्या हॉग ब्रशनं (डुकराच्या राठ केसांच्या) आभाळात ओढायची. कोबी होतो तो कडक कडेमुळं. फांद्यांमधल्या फटी मात्र मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेवा. तितक्याच उजळ ठेवल्या तर भोकं पडल्यासारखी दिसतात.

जवसतेल
वरच्या उत्तरात एक भर. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, तळाला जाड लावू नका. वरचा थर आधी वाळला की तडे जातात. रॉ अंबर त्यातल्या मँगनीजमुळं लवकर वाळतो, म्हणून तळाला तोच बरा.

टर्पेंटाइन उडतं म्हणून पहिल्याच थरात जवसाचं तेल ओतू नका. कमी तेल खाली, जास्त तेल वर. झाकणाच्या वाटीत चमचाभरच टर्पेंटाइन घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि पंख्याचा झोत पॅलेटवर येऊ देऊ नका.

चिखल होतो तो चार-पाच रंग एकत्र केल्यानं. रुपेरीसाठी अल्ट्रामरीन, रॉ अंबर, पांढरा, बास. कोरोच्या काळचा पांढरा शिशाचा, मऊ आणि थोडा उबदार. टायटॅनियम त्याच्यापुढं खडूसारखा थंड पडतो. त्यात नखाएवढा ऑकर घाला. शिशाच्या मागं लागू नका, विषारी आहे.

मधली छटा
डावीकडची बारीक झाडाशी हात उंचावलेली बाई आणि दोन मुलं सगळ्यात शेवटी घ्या. आधी रंगवली की त्यांच्याभोवती आभाळ भरावं लागतं आणि ती कापून चिकटवल्यासारखी दिसतात. चेहरे नकोत, फक्त हातांचा कल आणि मानेचा कोन नीट यायला हवा. आणि मॉर्तफोंतेन गावच्या तळ्यांचे फोटो शोधत बसू नका. कोरोनं हे स्टुडिओत आठवणीवरून केलंय, नावातच आहे की.

रंगपेटी, सोलापूर
झाडाच्या कडेला फॅन ब्रश (पंख्यासारखा पसरट) चालेल का?

जुना कुंचला
चालेल, पण एकाच जागी दोनदा फिरवू नका. सगळ्या डहाळ्या फणीनं विंचरल्यासारख्या होतात.