जुनी कॉमिक्स स्लॅबमध्ये कायमची बंद करायची, हा कसला संग्रह?

पिवळं_पान (धागाकर्ता)

मागे माझ्याकडचे दोन-दोन प्रती असलेले काही जुने अंक विकायला काढले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "ग्रेडेड आहे का?" गोष्ट कोणती, चित्रं कुणाची, काही विचारायचं नाही. एका गृहस्थाने तर मी कुठला अंक विकतोय हेही धड वाचलं नव्हतं. त्याला फक्त नऊच्या पुढचा आकडा हवा होता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: अंक ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचा, ते तपासून 0.5 ते 10 मधला एक आकडा देतात आणि कडक पारदर्शक केसमध्ये सील करून परत पाठवतात. हा स्लॅब. सील तोडलं की आकडा गेला. म्हणजे पुस्तक आपलं, आणि ते कधीच न उघडण्याचे पैसेही आपणच वेगळे मोजायचे! सीजीसी ही ग्रेडिंग कंपनी 2000 साली सुरू झाली, त्यानंतर हे खूळ पसरलं. त्याआधी लोक अंक हातात घेऊन, उघडून, घासाघीस करून घेत होतेच की.

माझं म्हणणं असं की स्लॅब घेतो तेव्हा आपण कॉमिक घेत नाही, कुणाचं तरी मत घेतो. 9.6 आणि 9.8 मध्ये फरक असतो कण्यावरच्या केसाएवढ्या एखाद-दुसऱ्या रेघेचा. किमतीत तो दुपटीचाही होऊ शकतो. आणि तोच अंक केस फोडून पुन्हा पाठवला तर आकडा बदलूही शकतो. लोक मुद्दाम पाठवतातच.

माझ्याकडे साठच्या दशकातला एक अंक आहे. वाचकांच्या पत्रांच्या पानावर एका पत्राशेजारी कुणा पोराने पेन्सिलने दोन रेघा मारून लिहिलंय, "राँग!" मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, स्टेपलला गंज. ग्रेडर तीन-साडेतीनच्या वर जाणार नाही. मी मात्र तो अंक महिन्यातून एकदा तरी काढतो. स्लॅबमध्ये तो मला कुठे दिसणार?

स्टेपलचा_गंज

साहेब, ऐकायला फार गोड आहे हे. आता माझं ऐका.

इनक्रेडिबल हल्क 181, 1974 चा अंक. वुल्वरिन पूर्ण कथेत पहिल्यांदा येतो तो. (180 च्या शेवटच्या पानावर नुसतं दर्शन आहे.) बरीच वर्षं पैसे साठवले आणि खुला, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेला, अंक घेतला, कारण मीही तेव्हा तुमच्यासारखाच होतो. मुखपृष्ठ लखलखीत, कणा ताठ, कोपरे टोकदार. घरी आणून सावकाश पान पान उलटलं, तर पत्रांच्या पानाला चौकोनी खिडकी! त्या काळात मार्व्हलच्या अंकांत कापून वहीत चिकटवायचे स्टॅम्प छापलेले असत आणि पोरांनी ते इमानेइतबारे कापले. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्या इवल्याशा चौकोनाने अंकाची बहुतेक किंमत नेली. विक्रेता म्हणतो, "मी कधी उघडून बघितलाच नाही हो."

तुमच्या पोराने पेन्सिल वापरली. माझ्या पोराने कात्री वापरली. बाकी काही फरक नाही आपल्यात.

पिवळं_पान

वाईट वाटलं वाचून, खरंच. पण लबाडी विक्रेत्याची आणि जन्मठेप अंकाला, हा कुठला न्याय? पैसे देण्याआधी प्रत्येक पानाचे फोटो मागायचे. मधलं जोडपान आणि स्टेपल आतून दाखवायला लावायचं. टाळाटाळ केली तर सोडून द्यायचं.

भिंगवाला

फोटोत दिसलं असतं तर काय हवं होतं. खिडकी दिसते हो, बाकीचं नाही दिसत.

कडा झिजल्या म्हणून पात्याने मिलिमीटरभर छाटून सरळ करतात. अंक एकदम कोरा दिसतो, मोजल्याशिवाय कळत नाही. कण्यावर रंग उडाला की काळ्या मार्करने भरतात, ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने उमटलंय का हे बघावं लागतं. मधलं जोडपान हरवलं असेल तर दुसऱ्या फाटक्या अंकातलं आणून बसवतात, म्हणजे पानं मोजली तरी बरोबरच भरतात. मी बरीच वर्षं हेच करतोय, तरी दोनदा फसलो. ग्रेडिंगमध्ये रंग भरलेला अंक सापडला तर त्याला जांभळं लेबल लागतं आणि किंमत धाडकन खाली येते. त्या जांभळ्या लेबलाच्या धाकाने कितीतरी मार्कर टोपणात राहिले असतील. मला आकड्याचं कौतुक नाही, लेबलाच्या रंगाचं आहे.

पिवळं_पान

आणि प्रेसिंग? ऊब, ओल आणि दाब देऊन घड्या, सुरकुत्या सपाट करतात. त्याला मात्र निळंच, म्हणजे नेहमीचं निर्दोष लेबल! मार्कर लावला तर पाप, इस्त्री केली तर पुण्य. म्हणजे नियम अंकाच्या भल्याचा नाही, धंद्याच्या सोयीचा आहे.

भिंगवाला

हा मुद्दा मान्य. प्रेसिंग केलंय हे लेबलवर यायला हवं, असं मीही म्हणत आलोय.

तेजीमंदी

सगळेच भावनेत वाहताय म्हणून थोडा व्यवहार. अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक 1938 साली 10 सेंटला मिळत होता. त्यातली 8.5 ग्रेडची प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेली. अमेझिंग फँटसी 15, म्हणजे स्पायडरमॅनचा पहिला अंक, 9.6 मध्ये 2021 साली 36 लाख डॉलर. एवढी रक्कम "अंक चांगला आहे, शपथेवर सांगतो" यावर कोण देईल? तिऱ्हाइताने तपासलं म्हणूनच अनोळखी माणसं एकमेकांना न भेटता सौदे करतात. पिवळं पान, तुमचे अंक विकायला का वेळ लागला त्याचं उत्तर तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे.

पिवळं_पान

विकले गेले हो सगळे. वेळ लागला एवढंच.

आणि तुमची उदाहरणं उलटीच पडतात. अॅक्शन 1 महाग का? छापल्या सुमारे 2 लाख प्रती, उरल्या शंभरच्या आसपास. पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, महायुद्धात रद्दीच्या मोहिमांत गेल्या. कुणी जपून ठेवल्या नाहीत म्हणून त्या दुर्मीळ. आता नव्वदचं दशक बघा. 1991 चा एक्स-मेन 1 ऐंशी लाखांहून जास्त खपला, वेगवेगळ्या मुखपृष्ठांत. 1992 चा सुपरमॅन 75, तो मरतो तो अंक, काळ्या पिशवीत सीलबंद आला. लोकांनी दोन-दोन घेतले, एक फोडायला आणि एक पोरांच्या शिक्षणासाठी. त्या पिशव्या अजून ढिगाने पडून आहेत. सगळ्यांनीच जपलं की जपण्याला मोल उरत नाही.

तेजीमंदी

म्हणून तर ग्रेड हवी! ऐंशी लाखांतून 9.8 किती, हे कोण सांगणार?

विकाऊ_ट्रंक

मी विकणारा माणूस आहे, दोघांनाही थोडं टोचतो.

तेजीमंदी, 9.8 किती हे कुणीच सांगत नाही. कंपनीची यादी फक्त त्यांच्याकडे आलेल्या अंकांची असते. आज "सर्वोच्च ग्रेड, फक्त चार प्रती" म्हणून घ्याल, उद्या कुणाच्या तरी खोक्यातून आणखी वीस निघतील. शिवाय लोक केस फोडून तोच अंक पुन्हा पाठवतात आणि जुनं लेबल परत करत नाहीत, म्हणजे एक अंक यादीत दोनदा.

पिवळं पान, तुम्हाला मी कपाटातला वाचक म्हणेन, बाजारातला नाही. एखाद्या घरातली माणसं काकांची अख्खी ट्रंक घेऊन येतात तेव्हा त्यांना अंकाबद्दल ओ की ठो माहीत नसतं. तिथे खुल्या अंकावर सगळ्यात जास्त कोण कमावतं? माझ्यासारखा. मी "कण्याला ताण आहे, पानं मातकट आहेत" म्हणत मान हलवतो आणि भाव पाडतो. दोन-चार महत्त्वाचे अंक त्यांनी आधी ग्रेड करून आणले की माझी मान हलायची थांबते. बाकीची ट्रंक मात्र स्लॅब करू नये. ग्रेडिंगचा खर्चही निघत नाही, आणि काही जण हौसेने सगळी ट्रंक करून बसतात.

(हे लिहून मी स्वतःच्या पोटावर पाय आणलाय, याची नोंद घ्यावी.)

लगदा

कागदाबद्दल कुणीच बोलत नाहीये. जुना कॉमिकचा कागद म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त न्यूजप्रिंट. त्यात लिग्निन असतं, आम्ल तयार होतं, पान पिवळं, मग तपकिरी, मग बिस्किटासारखं तुटतं. स्लॅबने ते थांबत नाही. केस हवाबंद नसते. स्लॅब भिंतीवर टांगला तर उजेडाने रंग उडतातच. वाहतुकीत दणके बसले तर अंक केसमध्ये हलून कडा फाटतात, असे आकडा 9 चा आणि कड चिरलेली स्लॅब मी पाहिलेत.

पण पिवळं पान दादा, दर महिन्याला उघडणं हेही काही अंकावर प्रेम नाही. ठिसूळ कण्याला प्रत्येक उघडणं महागात पडतं. मायलरची (टिकाऊ पारदर्शक प्लास्टिकची) पिशवी, मागे आम्लरहित बोर्ड, अंधारी कोरडी जागा, खोका उभा भरलेला. वाचायचं तर पुनर्मुद्रण घ्या.

पिवळं_पान

ताई, मायलरचं पटतं, माझे सगळे त्यातच आहेत. पुनर्मुद्रणाचं पटत नाही. पुष्कळदा रंग नव्याने भरलेले, जाहिराती गायब, पत्रांचं पान गायब. चष्म्याने भिंतीपलीकडचं दिसेल म्हणणाऱ्या जाहिरातीशिवाय ती गोष्ट मला अर्धीच वाटते.

तरी भिंगवाले आणि ट्रंकवाले यांचं ऐकून इथपर्यंत येतो: महाग अंक अनोळखी माणसाकडून घ्यायचा तर स्लॅबमधलाच घ्यावा. घरी आणून फोडावा. लेबल अंकामागे पिशवीत ठेवावं.

तेजीमंदी

फोडावा?! अहो, पैसे देऊन दागिना घ्यायचा आणि हॉलमार्क घासून काढायचा!

स्टेपलचा_गंज

मी फोडणार नाही. माझा पुढचा 181 केसमध्येच राहील, आणि खिडकीवाला आहेच की वाचायला. तो मी आता बिनधास्त वाचतो, जेवताना सुद्धा. खरं सांगायचं तर नीट वाचला असा तोच एक.

लगदा

जेवताना नको हो.

बाय द वे दादा, त्या पोराने "राँग" लिहिलं ते पत्र कशाबद्दल होतं?

पिवळं_पान

पत्र लिहिणाऱ्याचं म्हणणं, आधीच्या अंकात खलनायक मेला हे फार बरं झालं, आता तो काही परत येत नाही.

लगदा

मग पोरगं बरोबर होतं की.