राऊल रामिरेझ यांची कारकीर्द नेमकी कशी मोजावी?

प्रश्न: बेसलाइन

गेले काही दिवस मी १९७० च्या दशकातील पुरुष टेनिसबद्दल मिळेल ते वाचत आहे. बोर्ग, कॉनर्स, विलास, नास्तासे ही नावे आपल्या परिचयाची आहेत, परंतु त्यांच्याच बरोबरीने एक नाव सतत समोर येत राहते आणि ते म्हणजे मेक्सिकोचे राऊल रामिरेझ. त्यांचा जन्म १९५३ साली एन्सेनादा येथे झाला. हे मेक्सिकोच्या वायव्य टोकाला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, अमेरिकेच्या सीमेपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेले बंदराचे गाव आहे. पुढे ते लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, तेथे जॉर्ज टॉली यांच्या हाताखाली तयार झाले आणि मग व्यावसायिक टेनिसमध्ये उतरले. एकेरीची १९ आणि दुहेरीची ६० विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत नोव्हेंबर १९७६ मध्ये ते चौथ्या स्थानी पोहोचले होते.

माझी अडचण अशी आहे की एकेरीच्या एकाही ग्रँड स्लॅम स्पर्धेची अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे ते फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत होते, १९७६ साली विम्बल्डनच्याही उपांत्य फेरीत होते, आणि तिन्ही वेळा तेथेच थांबले. एकदा हॅरोल्ड सॉलोमन, एकदा नास्तासे आणि एकदा विलास आडवे आले. तरीही त्या काळाविषयी जाणकार मंडळी लिहितात तेव्हा रामिरेझ यांचे नाव आदराने घेतात. त्यांना नेमके कोणत्या कारणासाठी मोठे मानावे? हा आदर केवळ दुहेरीतील यशामुळे आहे, की एकेरीतही असे काही आहे जे ग्रँड स्लॅमच्या यादीत दिसत नाही?

उत्तर: जुनी रॅकेट

आपला प्रश्न योग्य आहे, पण तो आजच्या मोजपट्टीने विचारलेला आहे. ग्रँड स्लॅमची बेरीज करून खेळाडूची थोरवी ठरवण्याची सवय नंतरची आहे. त्या काळी वर्षभर चालणाऱ्या ‘ग्रां प्री’ मालिकेला फार मान होता. प्रत्येक स्पर्धेत खेळाडू जितक्या फेऱ्या पुढे जाई तितके गुण त्याच्या खात्यात जमा होत, आणि वर्षाअखेरीस ज्याचे गुण सर्वाधिक त्याला पहिला क्रमांक व मोठी बक्षिसाची रक्कम मिळे. १९७६ साली या मालिकेत एकेरीच्या गुणांत रामिरेझ पहिले आले आणि त्याच वर्षी दुहेरीच्या गुणांतही तेच पहिले आले. एकाच हंगामात दोन्ही याद्यांच्या शिरोभागी एकच नाव, ही गोष्ट त्या मालिकेच्या इतिहासात त्यांच्याखेरीज कोणालाही साधलेली नाही.

येथे कोणालाही साहजिक शंका येईल की एकेरीच्या गुणांत पहिला आलेला खेळाडू जागतिक क्रमवारीत चौथाच कसा राहिला. त्याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. १९७३ पासून सुरू झालेली संगणकीय क्रमवारी तेव्हा सरासरीवर चालत असे, म्हणजे मागील बारा महिन्यांतील गुणांना स्पर्धांच्या संख्येने भागले जाई. त्यामुळे मोजक्याच स्पर्धा खेळून त्यांतील बहुतेक जिंकणारा वर राही, आणि आठवड्यामागून आठवडा कोर्टवर उभा राहून कोठे अंतिम फेरी तर कोठे उपांत्य फेरी गाठणारा त्याच्या खाली जाई. ग्रां प्रीमध्ये मात्र निव्वळ बेरीज होती. रामिरेझ हे बेरजेचे खेळाडू होते आणि हे मी त्यांचे मोठेपण मानतो, कारण लाकडी रॅकेटच्या त्या दिवसांत, एका खंडातून दुसऱ्या खंडात प्रवास करत, एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळून वर्षभर त्या पातळीवर टिकणे सोपे नव्हते.

१९७६ चा उन्हाळाच पाहा. पॅरिसला ते एकेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचले आणि दुहेरीच्या अंतिम फेरीत. त्यानंतर विम्बल्डनला एकेरीत पुन्हा उपांत्य फेरी, म्हणजे पाच सेटच्या पद्धतीचे सहा सामने, आणि त्याच पंधरवड्यात अमेरिकेच्या ब्रायन गॉटफ्रीड यांच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद. अंतिम सामन्यात रॉस केस आणि जेफ मास्टर्स या ऑस्ट्रेलियन जोडीला त्यांनी ३-६, ६-३, ८-६, २-६, ७-५ असे हरवले. हा एकच सामना ५२ गेम चालला. आज पहिल्या दहांतील किती खेळाडू ग्रँड स्लॅममध्ये दुहेरीत नाव नोंदवतात, हे आपण जाणताच.

एकेरीबद्दल आणखी एक सांगतो. १९७५ साली रोमची इटालियन ओपन त्यांनी जिंकली, तीही अंतिम फेरीत स्पेनच्या मॅन्युएल ओरांतेस यांना सरळ सेटमध्ये हरवून. ओरांतेस यांनी त्याच वर्षी पुढे अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत कॉनर्स यांना नमवले, हे लक्षात घेतले म्हणजे रोमच्या त्या विजयाचे वजन कळते.

उत्तर: डेक्कन ७४

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते रामिरेझ यांच्या कारकिर्दीचा गाभा डेव्हिस करंडकात, म्हणजे देशांच्या संघांमधील स्पर्धेत आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याकडेही येऊन मिळतो.

१९७५ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे मेक्सिकोने अमेरिकेला अमेरिकेतच हरवले. निर्णायक सामन्यात रामिरेझ यांनी रॉस्को टॅनर यांच्यावर मात केली. टॅनर यांची सर्व्हिस त्या काळातील सर्वांत वेगवान सर्व्हिसांपैकी एक मानली जाई. त्याच वर्षी डिसेंबरात, पुढील हंगामाच्या लढतीसाठी, दोन्ही संघ मेक्सिको सिटीत पुन्हा समोरासमोर आले. या वेळी अमेरिकेच्या संघात जिमी कॉनर्स होते. दोन-दोन अशी बरोबरी झाल्यावर शेवटचा सामना रामिरेझ विरुद्ध कॉनर्स असा झाला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो, तो हातातून सुटल्यासारखा लांब जातो, आणि कॉनर्स यांच्यासारखा सपाट, जोरकस फटके मारणारा खेळाडू तेथे सहज रेषेबाहेर जाऊ शकतो. रामिरेझ पहिला सेट २-६ असा हरले आणि नंतरचे तिन्ही सेट जिंकून त्यांनी आपल्या देशाला विजय मिळवून दिला.

आता मन विषण्ण करणारा भाग. १९७५ मध्ये अमेरिकेला हरवल्यानंतर मेक्सिकोची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ मेक्सिकोने खेळण्यास नकार दिला आणि दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली. कॉनर्स यांना हरवल्यानंतर १९७६ च्या हंगामातही नेमके तसेच घडले. आपल्या उमेदीच्या दोन हंगामांत, अमेरिकेसारख्या संघाला दोनदा बाहेर काढूनही, रामिरेझ यांना करंडकाच्या वाटेवर पुढे पाऊल टाकता आले नाही.

मी हे इतक्या आपुलकीने लिहितो आहे याचे कारण १९७४ मध्ये मी पुण्यात आठवीत शिकत होतो. त्या वर्षी भारताने सोव्हिएत संघाला आमच्याच पुण्यात हरवले आणि डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठली. आमच्या वाड्यात विजय आणि आनंद अमृतराज यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. चुन्याने आखलेल्या रेघा आणि दोन खुर्च्यांना बांधलेली सुतळी एवढ्यावर आम्ही मुले अंगणात डेव्हिस करंडक खेळत होतो. मग एके दिवशी वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि सांगितले की अंतिम सामना होणार नाही, कारण समोर दक्षिण आफ्रिका आहे. मला तेव्हा रडू आले होते. तो निर्णय बरोबर होता हे मला पुढे पटले आणि आजही पटते, पण खेळाडूच्या वाट्याला त्यातून काय येते हेही मी विसरलो नाही. पुढच्याच दोन वर्षांत मेक्सिकोच्या एका खेळाडूच्या वाट्याला ते दोनदा आले, हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून रामिरेझ हे नाव मला परके वाटत नाही.

बेसलाइन

दोघांचेही मनापासून आभार. सरासरी आणि बेरीज यांतील फरक माझ्या ध्यानात आलेला नव्हता, आणि डेव्हिस करंडकाची ही बाजू तर मला ठाऊकच नव्हती. आता दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. गॉटफ्रीड यांच्याबरोबरची त्यांची जोडी इतकी यशस्वी का ठरली? आणि मेक्सिकोत आधीच्या पिढीतील खेळाडू राफाएल ओसुना यांचे नाव त्यांच्याही वर घेतले जाते, ते का?

उत्तर: नेटजवळ

मी गेली बावीस वर्षे मुलांना टेनिस शिकवते, त्यामुळे जोडीच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

गॉटफ्रीड हे सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणारे आणि तेथे व्हॉलीवर, म्हणजे चेंडूचा टप्पा पडण्याआधीच तो मारून, गुण संपवणारे खेळाडू होते. सरावाच्या बाबतीत त्यांची शिस्त कडक होती. रामिरेझ अंगाने हलके, पायांनी अतिशय चपळ आणि हाताने मऊ होते. दुहेरीत समोरचा खेळाडू सर्व्हिस करून पुढे येत असतो तेव्हा परतीचा चेंडू जोरात मारून उपयोग नसतो. तो त्याच्या पायांशी, नेटवरून जेमतेम पार होऊन खाली पडेल असा ठेवावा लागतो, म्हणजे त्याला वाकून खालून वर चेंडू उचलावा लागतो, आणि तो वर आला की तुमचा जोडीदार त्यावर तुटून पडतो. ही मांडणी करून देणारा हात रामिरेझ यांचा आणि संपवणारा हात बहुधा गॉटफ्रीड यांचा, अशी मला त्या जोडीची उकल वाटते. मी मुलांना नेहमी सांगते की दुहेरीत गुण जिंकणारा फटका टाळ्या घेतो, पण गुण त्याच्या आधीच्या फटक्याने मिळालेला असतो.

या जोडीने फ्रेंच ओपन १९७५ आणि १९७७ मध्ये जिंकली, विम्बल्डन १९७६ मध्ये, आणि रोमची स्पर्धा तर १९७४ ते १९७७ अशी सलग चार वर्षे. दुहेरीची जागतिक क्रमवारी १९७६ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि एप्रिलमध्येच रामिरेझ पहिल्या क्रमांकावर आले. एकूण ६२ आठवडे ते स्थान त्यांच्याकडे होते.

१९७७ च्या पॅरिसची हकीकत मला विशेष आवडते. एकेरीच्या उपांत्य फेरीत विलास यांनी रामिरेझ यांना ६-२, ६-०, ६-३ असे अक्षरशः चिरडले. अंतिम फेरीत त्याच विलास यांच्यासमोर गॉटफ्रीड उभे राहिले आणि त्यांना सबंध सामन्यात फक्त तीन गेम मिळाले. एकाच माणसाकडून असा मार खाल्लेले हे दोघे त्याच स्पर्धेत एकत्र उतरले आणि वॉयटेक फिबाक व यान कोडेश या जोडीला चार सेटमध्ये हरवून दुहेरीचे विजेते ठरले. एकट्याला जे जमले नाही ते दोघांना कसे जमते, हे मुलांना समजावताना मी हेच उदाहरण देते.

उत्तर: जुनी रॅकेट

ओसुना यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. १९६३ साली त्यांनी न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. मेक्सिकोच्या दुसऱ्या कोणत्याही पुरुष खेळाडूला एकेरीची ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकता आलेली नाही. अंतिम सामन्यात फ्रँक फ्रोलिंग यांच्या प्रचंड सर्व्हिसला तोंड देण्यासाठी ते बेसलाइनच्या कितीतरी मागे जाऊन उभे राहत आणि परतीचा चेंडू उंच लॉब करून फ्रोलिंग यांच्या डोक्यावरून टाकत. जोराला जोराने उत्तर न देता त्यांनी तो सामना सरळ सेटमध्ये जिंकला. त्याआधी १९६२ मध्ये त्यांनी मेक्सिकोला डेव्हिस करंडकाच्या आव्हान फेरीपर्यंत, म्हणजे गतविजेत्या संघाशी होणाऱ्या अंतिम लढतीपर्यंत नेले होते आणि वाटेत मद्रासला भारताचा ५-० असा पराभव झाला होता. १९६९ च्या जूनमध्ये माँतेरेजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीच त्यांच्या खेळाच्या बळावर मेक्सिकोने ऑस्ट्रेलियाला हरवले होते. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी गेलेल्या या खेळाडूबद्दल त्या देशाच्या मनात जे आहे, त्याच्याशी कोणाच्याही आकड्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करूही नये.

रामिरेझ त्यांच्यामागून आले. विद्यापीठ तेच, मार्गदर्शक टॉली तेच. ओसुना गेले तेव्हा रामिरेझ सोळा वर्षांचेही झालेले नव्हते. त्यानंतर सहाच वर्षांत त्यांनी टॅनर आणि कॉनर्स यांना हरवले, यावरून त्या पिढीने किती लवकर भार उचलला ते दिसते. पुढे त्यांचा विवाह १९७९ ची विश्वसुंदरी, व्हेनेझुएलाच्या मारित्सा सायालेरो यांच्याशी झाला आणि त्यांनी आपल्या एन्सेनादातच घर केले.

उत्तर: नेटजवळ

रोमच्या चार विजेतेपदांचा उल्लेख मी वर केला, त्यांतील १९७६ च्या अंतिम सामन्याविषयी सांगायचे राहिले. समोर जॉन न्यूकोम आणि जेफ मास्टर्स होते. दोन-दोन सेट झाले आणि अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सामना पुरा करणे शक्य झाले नाही, म्हणून उरलेला पाचवा सेट काही महिन्यांनी अमेरिकेत, टेक्सासमध्ये, चौघेही एका स्पर्धेसाठी जमले तेव्हा खेळवण्यात आला. रामिरेझ आणि गॉटफ्रीड यांनी तो ६-३ असा जिंकला, आणि इटलीचे त्या वर्षीचे दुहेरीचे विजेते टेक्सासमध्ये ठरले.