कुटुंबाचा फोटोसंग्रह घरातल्या नॅसवर ठेवावा का?

धागाकर्ता :
कुटुंबाच्या छायाचित्रांच्या मूळ प्रती घरातल्या नॅसवरच (म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सहसा दोन किंवा अधिक डिस्क असलेल्या साठवण-पेटीवरच) असाव्यात आणि क्लाउडला दुय्यम स्थान द्यावे, असे माझे ठाम मत आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि नवे फोटो जीमेल व ड्राइव्हसह १५ जीबीच्या सामाईक मर्यादेत धरले जाऊ लागले. आधी चढवलेल्या फोटोंना सूट मिळाली हे खरे, परंतु नियम ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, हे त्यातून उघड झाले. इमिचसारखी फोटो सांभाळणारी मुक्त प्रणाली घरी बसवली, तर चेहरे ओळखण्याचे कामही घरातल्याच यंत्रावर होते आणि लहान मुलांची छायाचित्रे कोणत्याही कंपनीकडे जात नाहीत.

प्रतिसाद, कोकणातून :
मी असहमत आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. अशा पुरात एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. तेव्हा एकीवरचा मजकूर दुसरीवर आपोआप उतरत होता, याचा काहीही उपयोग नसतो. किंबहुना ती सोय म्हणजे बॅकअप नव्हेच, कारण मुलाने चुकून एखादे फोल्डर पुसले, तर ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी नाहीसे होते. शिवाय एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर प्रणालीने क्यूनॅप कंपनीच्या नॅस यंत्रांवरील फायली कुलूपबंद केल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या दुरूनच पुसल्या गेल्या. सामान्य गृहस्थाने या आघाडीवर एकट्याने का लढावे?

धागाकर्ता :
ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, पण त्या पेट्या इंटरनेटवरून थेट गाठता येत होत्या आणि माय बुक लाइव्हला तर २०१५ नंतर सुधारणाच मिळालेल्या नव्हत्या. राउटरवर इंटरनेटवरून नॅसपर्यंत येणारी वाट उघडू नये आणि प्रवासात फोटो पाहायचे असल्यास व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित खासगी वाट, वापरावे. चुकून पुसलेल्या फोल्डरसाठी नॅसमध्ये रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फायलींची मागे जाता येईल अशी नोंद, घेता येतात. पुराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे; म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवलीच पाहिजे.

प्रतिसाद, पुण्यातून :
एक तांत्रिक बाब दोघांच्याही लक्षात आणून देतो. लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या प्रणालीत मूळ फोटो नॅसवर ठेवता येतात. कॅटलॉग (फोटोंची व त्यांवरील बदलांची नोंदवही) मात्र संगणकाच्या स्वतःच्या किंवा त्याला थेट जोडलेल्या डिस्कवरच ठेवावा लागतो, आणि त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तसेच वीज खेळखंडोबा करत असेल, तर यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडावी, म्हणजे बॅटरी संपण्याआधी यंत्र व्यवस्थित बंद होते.

प्रतिसाद, कोकणातून :
एवढे सगळे सांभाळणारा माणूस घरात एकच असतो, हीच माझी खरी हरकत आहे. तो आजारी पडला किंवा दगावला, तर व्हीपीएन, स्नॅपशॉट आणि ॲडमिनचा पासवर्ड यांतले काहीही ठाऊक नसलेल्या पत्नीला स्वतःच्या लग्नाचे फोटो कसे मिळणार? धागाकर्त्यांनी याची व्यवस्था काय केली आहे, ते कृपया सविस्तर लिहावे; तोवर मी क्लाउडचे पैसे भरत राहीन.