चिखलदऱ्यात बाराही महिने राहता येतं का?

धरमपेठकर:
पुढच्या वर्षी रिटायर होतो आहे. नागपूरचा मे आणि कूलरची घरघर यांना दोघंही कंटाळलो. मागच्या ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला जाऊन आल्यापासून हिच्या डोक्यात बसलंय की तिथंच छोटं घर घ्यावं. पण सीझन नसतो तेव्हा तिथं राहतं कोण? हॉटेलवाल्यांना विचारून उपयोग नाही, ते "मस्त आहे साहेब" एवढंच म्हणतात.

मानेवाडा_एक्सप्रेस:
घेऊन टाका न भाऊ, विचार काय करून राहिले! आमचीही सोय होईन.

निवृत्त_मास्तरीण:
मी तिथं शाळेत होते, आता नागपुरातच असते. तुम्ही पाहिलं ते ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारचं गाव. एमएच-३१, ४९ आणि २७ च्या गाड्यांची रांग, देवी पॉइंटला कणसं, रबडीच्या दुकानांत उभं राहायला जागा नाही. सोमवारी दुपारी या.

२०११ च्या जनगणनेत गाव पाच हजारांच्या आसपास होतं, आणि तरी नगरपरिषद, तहसील, वनखातं सगळं आहे. म्हणजे सरकारी नोकर भरपूर. पण त्यातल्या कितीतरी जणांचं बिऱ्हाड परतवाड्याला किंवा अमरावतीला. मुलांच्या शिकवण्या, सासूचा दवाखाना, सगळं खाली. साहेब एकटे वर, नाहीतर रोज घाटातून अपडाऊन. आमच्या स्टाफरूममध्ये डबा दोघींचाच घरचा असायचा, बाकीचे मेसवाले.

मग खरे गावकरी कोण? कोरकू आदिवासी, आणि दूधदुभतं सांभाळणारे गवळी. तुम्ही खाता ती रबडी-खवा त्यांच्याच म्हशींचा. पण कोरकूही बारा महिने गावात नसतात. दिवाळी झाली की माझ्या वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायचे. आईबाप मजुरीला खाली मैदानात गेले की पोरंही सोबत. होळीला मात्र सगळे परत, कारण तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवसांत रस्त्यात दोर धरून फगवा मागतात. गाडीची काच वर करू नका, दहा-वीस रुपये द्या आणि दोन शब्द बोला.

पावसाचंही ऐका. धुकं खिडकीतून वर्गात यायचं, शेवटच्या बाकावरून फळा दिसत नसे. वह्यांची पानं चिकटायची, काड्यापेटी मी तांदळाच्या डब्यात ठेवायचे. ओले कपडे पंख्याखाली तिसऱ्या दिवशीही दमटच. दोन दिवसांच्या पाहुण्याला ही मजा असते.

आणि एवढं पडून पाणी टिकत नाही. काळा खडक, उतार, सगळं वाहून जातं. उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावांना टँकर लागतात. तुम्हाला तर नेमका मेच तिथं काढायचा आहे!

परतवाडा_स्टँड:
मॅडम बरोबर बोलून राहिल्या. घराच्या आधी सातबारा पाहा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि आजूबाजूला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. "आपसात करून घेऊ" म्हणणारा दलाल भेटला तर तिथूनच गाडी वळवा. दवाखान्याचं म्हणाल, तर वर ग्रामीण रुग्णालय आहे, पण जरा मोठं काही झालं की खाली अचलपूर, नाहीतर अमरावती. रात्री धुक्यात घाट उतरायची तयारी ठेवा.

धरमपेठकर:
ही वाचून म्हणाली, "कोरकू पोरांना शिकवायला मिळेल का?" माझा मुद्दा पाण्याचा होता. एप्रिल-मे भाड्यानं राहून पाहिलं तर?

निवृत्त_मास्तरीण:
तेच करा. खोली मिळेल, पण नळ कधी येतो ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा. वहिनींना सांगा, उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते. शिकवायचं असेल तर जुलैत जा, आणि थोडी कोरकू आधी कानावर पडू द्या. पहिलीच्या पोराला मराठीही परकीच असते.