मदत हवी आहे: आईचं मनगट लोंबतंय, किती दिवस वाट बघायची?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आई ६१ ची, आम्ही सदाशिव पेठेत राहतो आणि ती एमपीएससीच्या पोरांना डबे देते. पाच आठवड्यांपूर्वी वाड्याच्या जिन्यात घसरली आणि उजवा दंड मधोमध मोडला, हाड ब्रेसमध्ये जुळेल म्हणाले, पण त्याच दिवसापासून मनगट वर होत नाही, पंजा नुसता लोंबतो, अंगठा-बोटं मागे जात नाहीत. रेडियल नर्व्ह नावाची नस दंडाच्या हाडाला वेढा घालून जाते म्हणे, तिला मार बसलाय.

मूठ वळते पण लाटणं सुटतं. परवा मी मनगट खालून उचलून धरलं तर तिनं माझं बोट असलं आवळलं की मीच ओरडले!

काल ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायूंतले विजेचे सिग्नल बघायची तपासणी) झाली. आधी का नाही केली म्हणून मी भांडले होते, तर म्हणे तीन-चार आठवड्यांच्या आत नीट कळत नाही. मनगट उचलणाऱ्या स्नायूंत सिग्नल नाहीत, डॉक्टर म्हणतात अजून थांबू, तीन महिने होऊ देत. मामा म्हणतो लगेच नस उघडून बघा, शेजारचे काका मालिशवाला पाठवतायत. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओ आहे. कातडी फाटली नसेल तर बहुतेकांची नस आपोआप सावरते. ती वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला साधारण इंचभर, म्हणून तर तीन महिने. मोडल्या जागेपासून कोपरापर्यंत टेपने मोजा, अंदाज येईल. आधी कोपराजवळचा स्नायू जागा होतो, मग मनगट, अंगठा सगळ्यात शेवटी, त्यामुळे बोटांकडे बघून रडू नका. कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट वर धरून ठेवणारा आधार, आहे ना? आणि रोज दुसऱ्या हाताने मनगट, बोटं, अंगठा पूर्ण सरळ करून घ्या, नाहीतर नस आली तरी सांधे आखडलेले. मोडल्या दंडावर मालिश अजिबात नको, काकांना चहा पाजून परत पाठवा.

प्रतिसाद २
माझ्या भावाची नस आलीच नाही. शेवटी टेंडन ट्रान्सफरचं ऑपरेशन केलं, टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पंजा खाली वळवणाऱ्या बाजूचे चांगले टेंडन मागे नेऊन जोडतात. डावा हात, आता बुलेटचा क्लच दाबतो. पण तारखा चुकवू नका हं, स्नायू वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिला की नंतर नस जोडूनही उपयोग नसतो.

धागाकर्ती
खूप आभार! मोजलं, ११ सेंटीमीटर. स्प्लिंट आहे पण आई काढून ठेवते, घाम येतो म्हणे. आता स्प्लिंट घालून लाटणं धरायला दिलं तर धरलं की हो! दोन पोळ्या लाटायला निघाली होती, लाटणं काढून घेतलं, हाड जुळू दे आधी. सध्या पोळ्या बाहेरून येतायत आणि पोरं रोज कुरकुरतायत.