बेघर तरुणांना खोली देताना अटी असाव्यात का?

तिरकस (धागाकर्ता)
घरातल्या मारहाणीला कंटाळून निघालेली, वय उलटलं म्हणून संस्थेतून बाहेर पडलेली, कुणाच्या तरी सोफ्यावर रात्री काढणारी सोळा ते पंचविशीतली मुलंमुली. त्यांच्यासाठी बऱ्याच देशांत 'सपोर्टेड हाउसिंग' असतं. म्हणजे राहायला खोली आणि सोबत एक कार्यकर्ता, जो कागदपत्रं, बँक खातं, शिक्षण, डॉक्टर यांचं बघतो. इथवर कुणाचं भांडण नसावं.

भांडण अटींवरून आहे. कोर्स किंवा नोकरी हवीच, कार्यकर्त्याची भेट चुकवायची नाही, नशा नाही, रात्री पाहुणा नाही. लेखी ताकिदी साठल्या की खोली रिकामी करा. मला हा कारभार उलटा वाटतो. जिला आज कुठे झोपायचं हेच ठाऊक नव्हतं, तिच्याकडून पहिल्याच महिन्यात आपण वक्तशीरपणा मागतो!

सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली न्यूयॉर्कमध्ये 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था सुरू केली, ती या उलट. आधी घर, उपचार नंतर, आणि तेही माणसाला हवे असले तर. फिनलंडने 2008 पासून हे देशाचं धोरण केलं आणि सामायिक निवाऱ्यांच्या जागी स्वतःच्या नावावर भाडेकरार असलेली घरं दिली. भाडं थकवलं किंवा शेजाऱ्यावर हात उचलला, तर इतर भाडेकरूंना लागतात ते नियम खुशाल लावा. पण मदत नाकारली म्हणून छप्पर जाऊ नये.

रातपाळी
असहमत. अशा एका ठिकाणी मी रात्रपाळी केली आहे, नाव सांगत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतंत्र घराची किल्ली दिली की पहिल्यांदा खूश होतात ते त्याचे 'मित्र'. दोन रात्रींसाठी येतात आणि बस्तानच बसवतात. मग घरातून गांजा विकला जातो आणि करारावर नाव असतं या पोराचं.

पाहुण्यांच्या नियमावर तुम्ही तोंड वाकडं केलंत म्हणून सांगतो. आमच्याकडची एक मुलगी स्वतःहून खाली येऊन म्हणाली होती, "तो आला तर तुम्हीच नाही म्हणून सांगा, मला जमणार नाही." मी दारात उभा राहून नियमाचा कागद दाखवला, तो शिव्या घालत गेला. त्या कागदाने तिला 'नाही' म्हणण्याची सोय करून दिली. तुमच्या अटीमुक्त घरात तिने काय दाखवायचं होतं?

तिरकस
दारात माणूस हवा, पूर्ण मान्य. पण तो कागद त्या मुलाला अडवण्यासाठी होता. तोच कागद पुढे करून तिची खोली काढून घेता आली असती की नाही, एवढंच सांगा.

रातपाळी
आली असती. आमच्याकडे घेतल्याही जायच्या, आणि ते बघवत नसे. तरीही नियमच नको, यावर मी येणार नाही.

खडूस काका
आमच्या वेळी वसतिगृहात हजेरी चुकली की सामान बाहेर. कुणाचं काही बिघडलं नाही. फुकट मिळालेल्याची किंमत नसते.

मृद्गंध
काका, वसतिगृहातून काढल्यावर तुम्ही घरी गेला असाल. इथे चर्चा घरच नसलेल्यांची आहे. आणि फुकट कोण म्हणालं? त्सेम्बेरिस यांच्या पद्धतीतही राहणारा आपल्या उत्पन्नाचा साधारण 30 टक्के भाग भाड्यापोटी देतो.

आकडेमोड
दोन्ही बाजूंना अडचणीची माहिती देतो. कॅनडात 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांत 'अ‍ॅट होम/शे स्वा' हा मोठा प्रयोग झाला. दोन हजारांहून अधिक बेघर, सगळ्यांना मानसिक आजार, आणि कुणाला अटीविना घर मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. त्यातल्या 18 ते 24 वयाच्या तरुणांचं वेगळं विश्लेषण नंतर प्रसिद्ध झालं. घर मिळालेल्यांचे सुमारे 65 टक्के दिवस स्थिर छपराखाली गेले, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्यांचे 31 टक्के. तिरकस यांचा मुद्दा इथे जिंकला. पण नोकरीसारख्या बाकीच्या बाबतींत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे घराने घराचं काम केलं, पुढचं आपोआप झालं नाही.

मृद्गंध
म्हणूनच मला फ्रान्समधली 'फ्वाये' ही व्यवस्था बरी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी शहरात येणाऱ्या तरुणांसाठी ती वाढली, 1992 पासून ब्रिटनने उचलली. एकाच इमारतीत खोल्या, खाली सामायिक स्वयंपाकघर, प्रशिक्षण आणि नोकरी शोधायला मदत. तिथे शिकण्याची अट असते, हे तिरकस यांना खुपेल. पण त्सेम्बेरिस यांचं प्रौढांसाठीचं मॉडेल जसंच्या तसं पोरांना लावू नका. एकट्याच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सातनंतर जो सन्नाटा असतो, त्याला घाबरून ही मुलं परत रस्त्यावरच्या टोळक्यात जातात.

कलमबहाद्दर
सगळे वर्तनाच्या अटींवर तुटून पडलात, वयाच्या अटीवर कुणीच बोललं नाही. आपला 2015 चा बाल न्याय कायदा अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय 18 ते 21 वयासाठी देतो, 2016 च्या नियमांनुसार अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. मुलगा कितीही गुणी वागला तरी वाढदिवस त्याला बाहेर काढतोच. ही अट त्याला पाळताही येत नाही आणि मोडताही येत नाही.

दुसरं, नियम राहणाऱ्यांनाच का? इंग्लंडमध्ये सपोर्टेड हाउसिंगला जादा घरभाडे-अनुदान मिळतं म्हणून घरमालकांनी मोठी घरं तोडून खोल्या केल्या आणि 'सपोर्ट' कागदावर दाखवला. अखेर 2021 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना नियमनाबाहेरच्या जागांत ठेवायला बंदी आली, 2023 मध्ये 16-17 वयाच्यांना ठेवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली, आणि त्याच वर्षी सपोर्टेड हाउसिंगसाठी स्वतंत्र कायदाही झाला. एवढा उशीर का, तर तोवर सगळे मुलांच्याच ताकिदी मोजत होते.

खडूस काका
मालकांना वेसण घाला, यावर आपण सहमत. नोंद घ्या, पहिल्यांदाच.

तिरकस
घेतली. मृद्गंध, इमारत, स्वयंपाकघर, खालचा माणूस हे सगळं मला चालेल. फ्वायेतल्या मुलीने कोर्स सोडला तर तिला दुसरा कोर्स शोधून द्यायचा की दुसरी खोली शोधायला सांगायचं, यावर तुमचं उत्तर द्या.

मृद्गंध
दुसरा कोर्स. तोही सोडला तर तिसरा. पण प्रतीक्षायादीत बाहेर झोपणारा एक जण आहे आणि खोली एकच, तेव्हा हे उत्तर मला त्याच्या तोंडावर देता येणार नाही.

रातपाळी
रोज द्यावं लागतं ते.