पद्मिनीला बाहेरचं स्टिअरिंग बसवायचंय, कोणतं घ्यावं?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. गाडी 1974 ची प्रीमियर पद्मिनी, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या कॉलमवर (दांड्यावर). मूळ स्टिअरिंगच्या दांड्या रिमला जिथे मिळतात तिथे नख आत जाईल एवढ्या भेगा पडल्यात, एकीतून तर आतली सळई दिसते. रिम बाहेरून बाहेर 40 सेंमी भरते. ऑनलाइन 350 मिमीचं लाकडी रिमचं, 90 मिमी खोल स्टिअरिंग मिळतंय, सोबत 'युनिव्हर्सल' बॉस किट (स्टिअरिंग कॉलमला जोडणारा मधला तुकडा). घ्यावं का? गाडी गावात आठवड्याला एकदा फिरते, मधूनमधून चाळीसगावहून कन्नड घाट चढते.

लेथवरचा (भुसावळ)
भो, स्टिअरिंग नंतर. आधी बॉस कुठून येणार ते ठरवा.

'युनिव्हर्सल' हा शब्द फक्त स्टिअरिंगकडच्या बाजूला लागू पडतो, आणि तिथेही अर्धाच. मोमो, स्पार्को, ओएमपी यांची नेहमीची सहा भोकं 70 मिमीच्या वर्तुळावर असतात, नार्डी आणि पर्सोनलची 74 वर. समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घेतलं की हाच आकडा येतो. 4 मिमीचा तर फरक म्हणून गोल कानशीने भोकं लांबवू नका. मग बोल्ट फक्त दाबावर धरतो आणि जोर लागला की स्टिअरिंग बॉसवर सरकतं.

कॉलमकडची बाजू प्रत्येक गाडीची वेगळी. स्टिअरिंग काढून कॉलमच्या टोकावरच्या स्प्लाइनचे (उभ्या खाचांचे) दात मोजा, व्हर्नियरने बाहेरचा व्यास वरच्या टोकाला आणि खाली असा दोनदा घ्या. दोन आकडे वेगळे आले तर टेपर (निमुळतं) आहे. नटाचे आटेही तपासून घ्या. विकणारा हे तीन आकडे सांगू शकत नसेल तर त्याचं किट नको.

तयार बॉस मिळत नसेल तर भंगारातलं मूळ स्टिअरिंग मिळवायचं आणि त्याचा मधला स्टीलचा हब कापून काढायचा. हब पुरेसा जाड असेल तर बाहेरून लेथवर टर्न करून त्यावर ईएन-8 पोलादाचा फ्लँज (गोल चकती) बोल्टने बसवता येतो. नाहीतर गिअर कटिंगवाल्याकडून नव्या तुकड्यात स्प्लाइन पाडून घ्यायची. स्प्लाइनजवळ वेल्डिंग मात्र नको, उष्णतेने दात वाकतात आणि हब तिरका बसतो. साधं भोक पाडून आडवा स्क्रू मारलेला बॉस कोणी दाखवला तर हात जोडून परत या.

घाटवळण (चाळीसगाव)
बॉसचं वर आलंच आहे, मी मापाचं बोलतो.

400 वरून 350 वर आलात की तेवढंच चाक वळवायला साधारण 14 टक्के जास्त जोर. 380 घेतलंत तर 5 टक्के. चालत्या गाडीत फरक जाणवत नाही, उभ्या गाडीत पार्किंग करताना आणि घाटातल्या आखूड वळणावर खांद्याला कळतं. मूळ 5.20-14 मापाच्या टायरच्या जागी रुंद रेडियल टाकले असतील तर आणखी जड. म्हणून 380, फार तर 370. त्याआधी किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याला) ग्रीस द्या आणि टायरची हवा बघा. जड स्टिअरिंगचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

90 मिमी खोली विसरा. तुमच्या गिअरची आणि इंडिकेटरची दांडी कॉलमवर आहे. रिम छातीकडे आली की दांड्या तिथेच राहतात, बोटं पोचत नाहीत, हात रिमवरून उचलावा लागतो. त्यात बॉसची उंची वेगळी मिळते. आत्ता कॉलमच्या टोकापासून रिमपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. खोली आणि बॉस मिळून त्याच्या जवळपास, 20 मिमीच्या आत ठेवा. पद्मिनीला बहुधा सपाट नाहीतर जेमतेम खोल स्टिअरिंगच लागेल. पुठ्ठ्याची 380 ची गोल चकती कापून धरा. गुडघा आणि गिअरची चारही ठिकाणं दोन मिनिटांत कळतील.

लाकडाचं म्हणाल तर, मे महिन्यात काच लावून उन्हात उभ्या गाडीत वॉर्निश चिकट होतं, पुढे त्याला बारीक चिरा जातात. लेदर निदान पुसता येतं. स्वस्त नकलांत दांड्यांचा पत्रा इतका पातळ असतो की रिम दोन्ही हातांनी पुढेमागे ढकलली तर लवते. असं चाक घेऊ नका, दिसायला कितीही छान असो.

तापीकाठ (जळगाव)
मग 380 सपाट. मूळ चाक काढताना काय सांभाळायचं? आणि नव्या बटणावर हॉर्न कसा चालेल?

लेथवरचा (भुसावळ)
बॅटरीची निगेटिव्ह काढा, पुढची चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण काढून नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. चाक एकदम सुटलं की थेट तोंडावर येतं, तेव्हा हाच नट अडवतो. कॉलम आणि हबवर एका रेषेत खूण करा. गंज असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा, मग पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावा. कॉलमच्या टोकावर हातोडा नको, तो मार खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. नंतर प्ले (ढिलेपणा) आला की लोक नव्या स्टिअरिंगला शिव्या देतात.

हॉर्नचं बटण सर्किट अर्थ करतं, म्हणजे बॉडीला जोडतं. जुन्या हबमागे पितळी कडी असते, तिच्यावर कॉन्टॅक्ट घासतो. कडी काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने चमकवा. नव्या बॉसची कडी त्याच व्यासाची आणि त्याच उंचीवर हवी. 2 मिमी खाली गेली तर हॉर्न अर्ध्या वळणावर मुका होतो, वर आली तर कॉन्टॅक्ट वाकून सतत वाजतो.

मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) टाका. त्याच्या 30 नंबरच्या टोकाला बॅटरीतून 15 अँपियरच्या फ्यूजमार्गे वायर, 87 हॉर्नला, 86 इग्निशनला, 85 बटणाला. हॉर्नचं दुसरं टोक बॉडीला अर्थ. मग बटणावर ठिणगी पडत नाही, कडी टिकते.

बसवताना सहाही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोर कसा, निळं थ्रेडलॉक (आटे ढिले न होऊ देणारा गोंद) एकेक थेंब. मधला नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (कसण्याच्या जोरावर). शेवटी गाडी जॅकवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हॉर्न दाबून धरा. मधे कुठेही आवाज तुटायला नको.

सातपुडा (नंदुरबार)
एक कागदाची बाजू. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, अट अशी की ती मूळ रूपात असावी, आणि चासी, बॉडी शेल, इंजिनमध्ये बदल नसावा. तुमची गाडी त्या वयात आली आहे. स्टिअरिंगचं नाव त्या यादीत नाही, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यात पहिलं तेच भरतं. जुनं चाक भंगारात देऊ नका.

खरं तर आधी तेच दुरुस्त करून बघा. भेग व्ही आकारात 5-6 मिमी रुंद कापा, थेट सळईपर्यंत. सळईवरचा गंज पूर्ण घासा, ॲसिटोनने पुसा, सावकाश घट्ट होणारं दोन भागांचं इपॉक्सी थोडं जास्तच भरा. 24 तास हलवू नका. मग 120, 220, 400 चा पेपर, प्रायमर, पीयू पेंट. सळईच गंजून बारीक झाली असेल तर मात्र हा उपाय नाही.

घाटवळण (चाळीसगाव)
वरच्यात एक भर. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो तो हबवरच्या खुंटीमुळे. भंगारातला हब टर्न करताना ती खुंटी लेथवर उडते. आधी तिची जागा आणि उंची कागदावर उतरवून घ्या.